चार नंबर

आपल्या झेनचा ब्लोअर
एक, दोन, तीनवर मुका.
चारवर मात्र असा सुटतो
की ओझरला हँगरबाहेर इंजिनाची चाचणी चालली आहे.

तू म्हणालीस, राहू द्या, शाल आहे.

पण पहाटे साडेपाचला, आठ अंशांत,
मखमलाबाद नाक्यावरून मुंबई नाक्याला
डायलिसिसच्या पहिल्या पाळीसाठी निघालेल्या बाईला
शाल आहे म्हणून सोडून द्यायचं?
चार लावला तर तुझे डोळे कोरडे पडतात
आणि तू बोलतेस त्यातलं मला काही ऐकू येत नाही,
मी नुसती मान हलवतो.
बंद ठेवला तर काच आतून धुरकटते.
तू पदराने पुसतेस, मी बाहीने,
आणि अशोक स्तंभाचा सिग्नल हिरवा की लाल
ते दोघांनी मिळून ठरवायचं.

तेहतीस वर्षं विमानांच्या वायरी तपासल्या मी.
आधी सोपं बघायचं, मग स्वस्त,
मग जिथे हात पोचत नाही ते.

फ्यूज काढला. शाबूत.
रिले हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला. तसंच.
अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने घासला,
गंज गेला, बिघाड गेला नाही.
गायधनींचा तुषार जिन्यातूनच ओरडला,
काका, मोटर गेली असणार, नवीनच टाका!
आपली गाडी असल्यासारखा.
मोटर गेली असती तर चारवर कोण फिरतंय?

चारवर करंट सरळ जातो.
एक, दोन, तीनला त्याला
रेझिस्टरच्या तारेतून अंग चोरून जावं लागतं.
तारच तुटली होती. कागदावर मला हे बुधवारीच कळलं होतं.
तुझा क्रिएटिनिनही बुधवारीच आला होता.
कागदावर कळून काय होतं?

रविवारी डॅशबोर्डखाली उताणा पडलो,
पाय दाराबाहेर, वय सदुसष्ट,
आणि तू खुर्चीवर बसून टॉर्च धरलास,
उजव्या हातात. डाव्या हाताला वजन चालत नाही,
त्यात फिस्टुला आहे.
रोज सकाळी मी तिथे दोन बोटं ठेवतो.
थरथर लागली की दिवस सुरू.
त्याला मीटर लागत नाही.

चार स्क्रू, एक प्लग, आणि हाताला लागलं
उंदराचं घर.
टिश्यूचे कपटे, शेंगांची टरफलं,
आणि जांभळी लोकर, तू मागच्या हिवाळ्यात
घरभर शोधत होतीस ती.
रेझिस्टर तापतो, म्हणून त्याला वाऱ्यातच बसवतात,
ज्याला तो आवरतो तोच वारा त्याला थंड ठेवतो.
वाट बुजली आणि बिचारा जळला.
तू विचारलंस, पिल्लं होती का हो?
नव्हती. गेली असतील केव्हाच.
लोकर तू झटकून, गुंडाळून ठेवलीस.

सारडा सर्कलला इद्रिसने जुन्या डब्यातून
नेमका तोच काढून दिला. तीनशे वीस.
वर म्हणाला, हा मॉडेल अजून कोण चालवतं, अंकल?

मंगळवार. पावणेसहा. नंबर एक.
रामवाडीच्या पुलावर नदीतून वाफा वर येत होत्या,
आत ऊब अशी,
की कोणीतरी शेजारी नुसतं श्वास घेत बसलंय.
मी वाट बघत होतो, तू काहीतरी म्हणशील.

म्हणालीस, तुषार विचारत होता,
चावी कधी देताय.
कसली चावी?
गाडीची. तीन आठवडे सांगतेय,
तुम्ही पहाटेचं नका चालवू आता,
मोतीबिंदू पिकलाय, रिक्षा लावू महिन्याची,
गाडी त्याला देऊन टाकू.
रोज मान हलवत होतात की हो, हो!

माझा हात आपसूक बटणाकडे गेला,
चारकडे.
तू तो तिथेच धरलास,
डाव्या हाताने.